‘शार्पन’ म्हणजे धार लावणे की रेखीव करणे?

पानकूट: जुने फोटो स्कॅन करणाऱ्यांसाठी गिंप या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरची कृतिपुस्तिका मराठीत चालली आहे. ‘स्ट्रेटन’ला ‘सरळ करणे’ आणि ‘शार्पन’ला ‘धार लावणे’ लिहिलं, तर तपासणाऱ्यांनी दोन्ही खोडलं. धार विळीला लावतात, म्हणे. काय लिहावं?

आडवाउभा: ‘सरळ’ खोडलं ते बरोबरच. सरळ करायची ती वाकलेली वस्तू. वाइड लेन्सने भिंतीची कड धनुष्यासारखी फुगते, ती सरळ करायची, आणि त्याचा फिल्टर वेगळा आहे. समुद्राची रेघ दीड अंश कलली तरी सरळच असते, म्हणून ‘कल काढणे’ लिहा. ‘मेझर’ हे मोजायचं साधन घेऊन क्षितिजावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचं, मग ‘स्ट्रेटन’ दाबायचं. रेघ आखूड घेतली की कोन चुकतो. कोपऱ्यांत रिकामे त्रिकोण राहतात, ते क्रॉप करायचे. ६००० बाय ४०००चा फोटो दीड अंश फिरवून प्रमाण तेच ठेवलं, तर साधारण ५७७५ बाय ३८५० उरतो.

कृष्णधवल: गवंड्याचे शब्द असताना ‘कल’ कशाला? आडव्याला पाणसळ, उभ्याला ओळंबा. फोटो पाणसळीत आणा, ओळंब्यात आणा. फक्त देवळाच्या फोटोत दीपमाळेची कड धरू नका. ती मुळातच वर निमुळती असते, ओळंबा तिथून घेतला तर अख्खं देऊळ कलतं. दाराची चौकट धरा.

आडवाउभा: अहो, साइटवर आता गवंडीसुद्धा ‘लेव्हल’च म्हणतात. पुस्तिका कळायला हवी.

कृष्णधवल: न वापरल्यानेच शब्द जातात.

पाटीपेन्सिल: ‘धार’ ठेवा. डोंगराचीही धार असते, म्हणजे कडच. हा फिल्टर कडेवरच काम करतो: अलीकडचं गडद आणखी गडद, पलीकडचं उजळ आणखी उजळ. ‘रेखीव’ म्हटलं की लोकांना वाटतं, हललेला फोटो दुरुस्त होईल. तो होत नाही, गेलेला तपशील परत येत नाही.

कृष्णधवल: मग मेन्यूत या शार्पनच्या फिल्टरचं नाव ‘अनशार्प मास्क’ आहे, त्याला काय म्हणाल? हे नाव डार्करूममधलं. निगेटिव्हवरून मुद्दाम धूसर, फिकी पॉझिटिव्ह करून दोन्ही एकावर एक ठेवून प्रिंट काढत. मी ‘धूसर जोड’ म्हणेन.

पाटीपेन्सिल: मेन्यूत जे दिसतं तेच लिहा, नाहीतर वाचणारा ‘धूसर जोड’ शोधत बसेल. त्यापेक्षा आकडे द्या. रेडियस, म्हणजे कडेपासून किती पिक्सेलपर्यंत परिणाम, आधीपासून ३ असतो, स्क्रीनसाठी ०.५ ते १ पुरतो. अमाउंट, म्हणजे जोर, ०.५च्या आसपास. थ्रेशोल्ड, म्हणजे किती फरकाला कड मानायचं ते, शून्यावर ठेवला तर कागदाचे दाणेही उठतात, किंचित वर घ्या. फोटो १०० टक्क्यांवर बघा. कल काढताना पिक्सेल नव्याने मोजले जातात आणि फोटो जरा मऊ पडतो, म्हणून धार शेवटी, आकार लहान केल्यावर. रेडियस वाढला की कडेभोवती पांढरी प्रभावळ येते.

कृष्णधवल: प्रभावळ देवाच्या मूर्तीमागे असते. दोषाला तो शब्द नको, ‘पांढरी किनार’ म्हणा.

पाटीपेन्सिल: किनार लुगड्याला असते, ती काठापुरती. ही आकृतीला वेढून असते, प्रभावळीसारखीच.

पानकूट: यात वर्तमानपत्रातली कात्रणंही आहेत.

आडवाउभा: मग आधी हलका गॉशियन ब्लर, म्हणजे धूसर करणारा फिल्टर, मग फोटो लहान करा, धार त्यानंतर. नाहीतर छापील फोटो ज्यांचा बनतो ते शाईचे ठिपकेच टोकदार होतात.

कृष्णधवल: ठिपके टोकदार कसे होतील? ठळक होतात.