मदत हवी आहे : कोल्हापूरच्या पावसाळ्यात बिअर्डेड ड्रॅगनचे पिल्लू कसे जपावे?

नमस्कार. आमच्या घरी बिअर्डेड ड्रॅगनचे सुमारे तीन महिन्यांचे पिल्लू असून, येत्या पावसाळ्यात त्याची प्रकृती कशी जपावी याबाबत जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. हा सरडा मूळचा ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील कोरड्या प्रदेशातला. त्याला साधारण ३० ते ४० टक्के आर्द्रता मानवते आणि आपल्याकडे तर पावसाळ्यात भिंतीसुद्धा ओलावतात. पेटीच्या झाकणाला जाळी बसवली आहे. ऊब घेण्याच्या जागी तापमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास आणि दुसऱ्या टोकाला २६ अंश राहते, परंतु वीज गेली की ही व्यवस्था कोलमडते. अशा वेळी आपण काय करता?

माझी खरी काळजी त्याच्या हाडांची आहे. यूव्हीबी (सूर्यप्रकाशातील एक प्रकारच्या अतिनील) किरणांवाचून शरीरात ड-३ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, त्याविना कॅल्शियम नीट शोषले जात नाही आणि वाढत्या वयात हाडे मऊ पडून जबडा व पाय वाकू शकतात. खिडकीची काच हे किरण अडवते, त्यामुळे ढगाळ दिवसांत सारी भिस्त यूव्हीबी नळीवरच असेल. नळी उजेड देत राहिली तरी तिचे किरण काही महिन्यांत क्षीण होतात; ते मोजण्याचे मीटर कोल्हापूर परिसरात कोणाकडे आहे का?

आहारात कॅल्शियमची पूड लावलेले रातकिडे आणि थोडा शेवग्याचा पाला असतो; कॅल्शियमच्या शोषणात अडथळा आणणाऱ्या ऑक्सॅलेटमुळे पालक टाळतो. पाळीव रातकिडे पावसाळ्यातही नियमित कोठे मिळतील, आणि सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्य कोल्हापूर किंवा सांगलीत आहेत का, हे कृपया कळवावे.