विमानाच्या पंखभर सेन्सर चिकटवले की ड्रॅग (हवेचा अडथळा) संपला?

खटपट्या: कालच्या धाग्यावर एकाने ठोकून दिलंय: पंखभर सेन्सर आणि ॲक्च्युएटर (हवेचा प्रवाह ढकलणारी छोटी यंत्रं) लावा, सगळं वायरलेस, पंखालगतच्या हवेतली खळबळ उठायच्या आत दाबून टाका, वायरी गेल्या, वजन गेलं, इंधन वाचलं. अहो, सेन्सरची वायर गेली असं समजू. ॲक्च्युएटरला वीज काय आशीर्वादाने मिळणार? नासा-बोइंगने २०१५ मध्ये ७५७ विमानाच्या शेपटीवर हवेचे फवारे मारणारे ३१ छोटे जेट लावले, त्यांची हवा एपीयूकडून (शेपटीतल्या छोट्या सहायक इंजिनाकडून) पाइपनेच आली. तीही रडरचा (शेपटीवरच्या सुकाणूचा) जोर वाढवायला, हवेच्या घर्षणाशी संबंध नाही. शिवाय लॅमिनार थर (पंखालगत शांत, सरळ वाहणारी हवा) मोडणाऱ्या लाटा किलोहर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला हजारो वेळा, असतात. तुमचा संदेश पोचेपर्यंत लाट पसार.

निशाचर: प्रत्येक संदेश कॉकपिटमार्गेच जायला हवा असं कुणी सांगितलं? सेन्सर आणि शेजारचा ॲक्च्युएटर आपसात निपटतील, रेडिओवर फक्त सेटिंग आणि बिघाडाची खबर. विमानातल्या अशा वायरलेससाठीच २०१५ च्या जिनिव्हा रेडिओ परिषदेत ४२००-४४०० मेगाहर्ट्झचा पट्टा दिला. क्रूझमध्ये (उंचीवरच्या स्थिर उड्डाणात) जवळपास निम्मा ड्रॅग घर्षणाचा, मग हातावर हात धरून बसायचं? एअरबसचं ए३८० विमान वायरिंगपायी रखडलं, विसरलात?

खटपट्या: त्याच पट्ट्यात रेडिओ अल्टिमीटर (जमिनीपासूनची उंची मोजणारं यंत्र) बसलाय, हे सोयीस्कर गाळलंत.

हँगरवाला: तुमचे मेगाहर्ट्झ चालू द्या. पावसाळ्यात संध्याकाळच्या लँडिंगनंतर लीडिंग एजवरून (पंखाच्या पुढच्या कडेवरून) हात फिरवलाय कधी कुणी? वाळलेले किडे सॅंडपेपरसारखे लागतात. शिफ्टला मी आणि एक पोरगा, ओली फडकी, आणि खालून सुपरवायझर ओरडतोय, आटपा, बोर्डिंग सुरू झालं. एक चिलट चिकटलं की त्याच्यामागे लॅमिनार प्रवाह फुटला. त्याला कुठला सेन्सर काढणार?

शंकासुर: किडे अडवायला क्रूगर फ्लॅप (पंखाच्या पुढच्या कडेखालून उघडणारी पट्टी) आडवा धरतात. नासाने अमेरिकेतल्या श्रीव्हपोर्टला मुद्दाम किडे गोळा करत विमान उडवलं, न चिकटणारे लेप तपासायला.

हँगरवाला: लेपावर रंगाचा ओघळ आला की तो कोण घासणार? मीच ना! साठच्या दशकातल्या एक्स-२१ या प्रायोगिक विमानाच्या पंखात हवा शोषायच्या बारीक फटी होत्या. त्या साफ ठेवायची जबाबदारी शास्त्रज्ञांवर नव्हती.

निशाचर: म्हणजे फडकं मारायला लागतं म्हणून संशोधन बंद? धन्य!

हँगरवाला: तोंड सांभाळा. चार महिने शिडीवर चढा, मग बोला.

खटपट्या: विषय वायरलेसचा होता हो.

शंकासुर: वायरलेसचा फायदा आहेच, मोजमापापुरता. चाचणीच्या विमानात शेकडो वायरी ओढण्यापेक्षा सेन्सर चिकटवणं परवडतं.

खटपट्या: चाचणीपुरतं मान्य. तेवढं तरी मूळ पोस्टवाल्याने लिहायचं होतं! निशाचर, विजेचं उत्तर अजून आलं नाही.

निशाचर: कंपनातून वीज काढता येते.

खटपट्या: सेन्सरपुरती. जेटसाठी काढून दाखवा, चहा माझ्याकडून.