मदत हवी आहे : अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय एकल मातांचे २००७ आधीचे आकडे कसे जोडायचे?

१९६० पासूनचा आलेख काढायचा आहे, पण दोन आकडे सर्रास मिसळले जातात. लग्नाबाहेरच्या जन्मांचं प्रमाण (कृष्णवर्णीय कुटुंबांवरच्या १९६५ च्या सरकारी मॉयनिहान अहवालात सुमारे २४ टक्के, अलीकडे ७० च्या आसपास) जन्मनोंदींवरून येतं. फक्त आईसोबत राहणाऱ्या मुलांचं प्रमाण, २०२० मध्ये साधारण ४६ टक्के, हे जनगणना विभागाच्या घरोघरच्या पाहणीतून. लग्न न करता बाप त्याच घरात राहत असेल, तर मूल पहिल्यात मोजलं जातं, दुसऱ्यात नाही. म्हणून ७० टक्के मुलं बापाविना वाढतात असं लिहिणं चूक आहे, आणि त्या बापांवर अन्यायही.

खरी अडचण २००७ ची. त्याआधी या घरोघरच्या पाहणीत दुसरा पालक पहिल्याशी विवाहित असेल तरच नोंदीत धरत, त्यामुळे 'फक्त आईसोबत'चे जुने आकडे फुगलेले आहेत. 'अविवाहित जोडीदार' हा पर्याय १९९५ पासून आहे, पण तो घरप्रमुखाशी असलेल्या नात्यापुरता. आजीच्या घरात राहणारं जोडपं त्यात सापडतच नाही.

१९९५ ते २००६ च्या मूळ नोंदींवरून कुणी दुरुस्ती-गुणक काढला आहे का? मुलांच्या वयोगटानुसार वेगळा घ्यावा, की एकच चालेल? की २००७ ला रेघ तोडून दाखवणंच प्रामाणिक?