प्रयोगशाळेतील ६० संगणकांवर ऑफिस प्रथम उघडताना येणारे प्रॉम्प्ट बंद करण्याबाबत

प्रश्न – लॅब_साहाय्यक
नमस्कार. आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ६० संगणक आहेत आणि ते सर्व डोमेनला (खाती आणि संगणक एकत्र सांभाळणाऱ्या नेटवर्कला) जोडलेले आहेत. विद्यार्थी स्वतःच्या खात्याने लॉगिन करतात, मात्र बसण्याची जागा ठरलेली नसते. शिवाय डिस्क भरू नये म्हणून एक दिवसाहून जुनी प्रोफाइल (प्रत्येक खात्याच्या फाइली आणि सेटिंग्ज) रीस्टार्टच्या वेळी आपोआप पुसली जातात. सुट्टीत डिप्लॉयमेंट टूल (ऑफिस बसवण्याचे मायक्रोसॉफ्टचे साधन) वापरून ऑफिस एलटीएससी २०२१ (संस्थांसाठीची आवृत्ती) बसवले आणि इन्स्टॉलेशन काहीही न विचारता पूर्ण झाले. आता वर्ड उघडले की प्रत्येकासमोर आधी परवान्याच्या अटी आणि मग फाइल ऑफिस ओपन एक्सएमएलमध्ये (डॉकएक्स) जतन करायची की ओपनडॉक्युमेंटमध्ये (ओडीटी), असे विचारणारी विंडो येते. विद्यार्थी जे दिसेल त्यावर क्लिक करतात आणि तपासणीच्या फोल्डरमध्ये निम्म्या फाइली डॉकएक्स, तर निम्म्या ओडीटी येतात.

त्यावर उपाय म्हणून एचकेसीयूमध्ये (विंडोजची सेटिंग्ज साठवणाऱ्या रजिस्ट्रीच्या एका भागात) ‘शोनफाइलएफएमटीप्रॉम्प्ट’ ही व्हॅल्यू १ करणारी बॅच फाइल लिहिली आणि ती ग्रुप पॉलिसीतून (डोमेनमध्ये एकाच जागेवरून सेटिंग्ज देण्याच्या सोयीतून) संगणकाच्या स्टार्टअप स्क्रिप्टमध्ये ठेवली. माझ्या खात्यातून हाताने चालवली की ती काम करते, विद्यार्थ्यांच्या खात्यांवर मात्र काहीच फरक पडत नाही. चूक कोठे होत असावी?

उत्तर – सर्व्हर_रूम
आपली व्हॅल्यू बरोबर आहे, ती चुकीच्या घरात जाऊन बसते आहे. एचकेसीयू म्हणजे ‘करंट युजर’, आणि स्टार्टअप स्क्रिप्ट कोणी लॉगिन करण्यापूर्वीच सिस्टिम खात्याच्या अधिकारात चालते. त्यामुळे ६० संगणकांवर ६० वेळा ती व्हॅल्यू सिस्टिम खात्याच्या रजिस्ट्रीत लिहिली गेली असणार, आणि ते खाते काही वर्ड उघडायला बसत नाही. आपण हाताने चालवली तेव्हा ‘करंट युजर’ आपणच होता, म्हणून ती चालली.

हे प्रॉम्प्ट (प्रश्न विचारणाऱ्या विंडो) संगणकागणिक नसून वापरकर्त्यागणिक आहेत, आणि आपल्याकडे प्रोफाइल पुसली जात असल्यामुळे प्रत्येक विद्यार्थी ऑफिसच्या लेखी पुन्हा पुन्हा नवाच ठरतो. तेव्हा हीच व्हॅल्यू ग्रुप पॉलिसीच्या ‘युजर कॉन्फिगरेशन’ विभागात, प्रेफरन्सेसमधील रजिस्ट्रीखाली द्यावी. पाथमध्ये (व्हॅल्यूच्या रजिस्ट्रीतील पत्त्यात) आवृत्तीचा आकडा १६.० ठेवावा, ऑफिस २०१६, २०१९, २०२१, २०२४ आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ या सर्वांना तोच चालतो. (२००७ चा आकडा १२ होता आणि २०१० चा एकदम १४ झाला, मधला १३ गाळलाच. जुन्या स्क्रिप्ट वाचताना हे लक्षात असलेले बरे.)

उत्तर – एक्सएमएल_पंत
वरील निदानाशी सहमत आहे, परंतु परवान्याच्या अटींची विंडो मुळात इन्स्टॉलेशनच्या वेळीच थांबवायला हवी होती. आपण डिप्लॉयमेंट टूलला दिलेल्या कॉन्फिगरेशन फाइलमधील ‘डिस्प्ले’ची ओळ पाहावी. तेथे लेव्हल ‘नन’ (काहीही न दाखवणे) दिली असेल, पण त्याच ओळीत ‘ॲक्सेप्टयूला’ला ‘ट्रू’ (परवान्याच्या अटी मान्य) दिलेले नसेल, तर इन्स्टॉलेशन मुकाट्याने पार पडते आणि अटी मान्य करण्याचे काम पहिल्या वापरकर्त्यासाठी शिल्लक राहते. त्याच फाइलमध्ये ‘ॲपसेटिंग्ज’ हा भाग घालता येतो. त्यातील पसंती संगणकावरील जुन्या वापरकर्त्यांना आणि नंतर येणाऱ्या नव्या वापरकर्त्यांनाही लागू होतात. त्यासाठी ऑफिस काढून पुन्हा बसवण्याची गरज नाही, सेटअपला ‘कस्टमाइज’ हा स्विच देऊन सुधारित फाइल चालवली की पुरे.

आणखी एक गोष्ट येथे बहुतेकांच्या नजरेतून सुटते. प्रॉम्प्ट दडपणे आणि त्याचे उत्तर आपण ठरवून देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइली डॉकएक्समध्येच हव्या असतील, तर ऑफिसची ॲडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स (ग्रुप पॉलिसीत ऑफिसची सेटिंग्ज दाखवणाऱ्या फाइली) डोमेनच्या सेंट्रल स्टोअरमध्ये (त्यांच्या सामायिक फोल्डरमध्ये) टाकून वर्डच्या ‘सेव्ह’ विभागातील मूळ फाइल फॉरमॅट पॉलिसीनेच ठरवून द्यावा, म्हणजे विद्यार्थ्याला तो बदलताही येणार नाही. डिफॉल्ट प्रोफाइलची (ज्यावरून नवी प्रोफाइल बनतात त्या नमुन्याची) एनटीयुजर डॉट डॅट फाइल हाताने उघडून त्यात व्हॅल्यू भरण्याचा सल्लाही आपल्याला कोणी देईल. ती युक्ती चालते, पण दोन वर्षांनी तेथे काय भरले होते हे कोणालाच आठवत नाही, म्हणून मी ती टाळतो.

लॅब_साहाय्यक
‘ॲक्सेप्टयूला’ खरोखरच राहून गेले होते. ते दुरुस्त केल्यावर अटींची विंडो गेली. ग्रुप पॉलिसी मात्र लागू होत नाही. विद्यार्थ्याच्या खात्यावर ‘जीपीरिझल्ट’ (लागू झालेल्या पॉलिसी दाखवणारी आज्ञा) चालवून पाहिले तर यादीत तिचे नावच नाही. पॉलिसी प्रयोगशाळेच्या संगणकांच्या ओयूला (डोमेनमधील त्यांच्या विभागाला) जोडली आहे आणि सिक्युरिटी फिल्टरिंगमधून (पॉलिसी कोणाला लागू व्हावी त्या यादीतून) ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ (डोमेनमध्ये ओळख पटलेली सर्व खाती, संगणकांचीही) काढून तेथे फक्त विद्यार्थ्यांचा गट ठेवला आहे.

सर्व्हर_रूम
येथे दोन अडथळे एकावर एक बसले आहेत. पॉलिसी संगणकांच्या ओयूवर आहे, सेटिंग वापरकर्त्याचे आहे आणि विद्यार्थ्यांची खाती तिसऱ्याच ओयूमध्ये असणार. अशा वेळी लूपबॅक प्रोसेसिंग (संगणकांच्या ओयूवरील वापरकर्ता-सेटिंग तेथे लॉगिन करणाऱ्याला लागू करणे) ‘मर्ज’ (त्याच्या स्वतःच्या पॉलिसीत मिसळण्याच्या) पद्धतीने चालू केल्याशिवाय ते सेटिंग त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. ते चालू करण्याची जागा ‘कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन’मध्ये आहे, त्यामुळे फिल्टरमध्ये संगणकांनाही पॉलिसी लागू होण्याची परवानगी लागेल. शिवाय जून २०१६ च्या एमएस१६-०७२ या सुरक्षा अपडेटपासून वापरकर्त्याची पॉलिसीदेखील संगणकाच्या खात्याने वाचली जाते. आपण ‘ऑथेंटिकेटेड युजर्स’ काढले आणि त्याबरोबर संगणकांचा वाचण्याचा अधिकारही काढून घेतला. फिल्टरमध्ये विद्यार्थ्यांच्या गटाबरोबर ‘डोमेन कॉम्प्युटर्स’ घालावेत आणि संगणक एकदा रीस्टार्ट करावेत.

लॅब_साहाय्यक
झाले. आज सकाळी ११ नंबरच्या संगणकावर तीन वेगवेगळ्या खात्यांनी लॉगिन करून पाहिले. तिन्ही वेळा वर्ड थेट कोऱ्या पानावर उघडले. आता वर फक्त ॲक्टिव्हेशनची पिवळी पट्टी दिसते. तीही रजिस्ट्रीतून घालवता येईल का?

एक्सएमएल_पंत
नाही, आणि तसा प्रयत्नही करू नये. ती पट्टी परवान्याविषयी आहे. आपल्याकडे व्हॉल्यूम परवाना (संस्थेसाठीचा एकत्रित परवाना) असेल, तर केएमएस होस्ट (संस्थेतच ॲक्टिव्हेशन देणारा सर्व्हर) उभारावा. ऑफिससाठी किमान ५ संगणक लागतात, ती अट आपण सहज पूर्ण करता. क्लायंटना होस्टचा पत्ता डीएनएसमधून (नेटवर्कच्या नाव-पत्ता सूचीतून) मिळतो आणि पोर्ट १६८८ उघडा असावा लागतो. एकदा झालेले ॲक्टिव्हेशन १८० दिवस टिकते आणि संगणक दर ७ दिवसांनी ते स्वतःहून वाढवून घेतात. प्रयोगशाळेच्या आणि सर्व्हरच्या मध्ये फायरवॉल असेल, तर आधी तेथे पाहावे.