अनुभव धागा : चावणारं जनावर दुसऱ्या घरी देताना

कृष्णाकाठ
सकाळी कॉलनीच्या ग्रुपवर फोटो आला. मागच्या गल्लीतला पश्मी (शिकारी जातीचा) कुत्रा, खाली मजकूर : 'शांत, माणसाळलेला. बदलीमुळे देणे आहे.' याच कुत्र्यानं दिवाळीच्या आधी गॅस सिलिंडरवाल्याच्या पोटरीचा लचका तोडला होता, मी गॅलरीतून बघितलंय. फोटो बघितला आणि हातातला चहा तसाच राहिला. कारण असाच मजकूर २०१६ साली मी स्वतः लिहिला होता.

तेव्हा आमच्याकडे फेरेटची (मुंगसासारखं दिसणारं छोटं पाळीव जनावर) जोडी होती. धाकट्या भावानं पुण्यात हौसेनं घेतली, वर्षभरात त्याला बाहेरदेशी नोकरी लागली आणि पिंजरा आमच्या सांगलीतल्या विश्रामबागच्या घरी आला. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे मुंगूस कशाला आणलंस घरात?" शेजारच्या काकू तर रोज सकाळी येऊन बघून जायच्या, मुंगूस दिसलं की दिवस चांगला जातो म्हणून. नर बाळू, मादी गुंडी. दिवसातले चौदा-पंधरा तास झोळीत एकमेकांच्या अंगावर झोपायचे, आणि जागे झाले की मोजे, चाव्या, लाटणं, जे सापडेल ते ओढत सोफ्याखाली. गुंडी गरीब. बाळू चावायचा. नुसते दात लावायचा नाही, धरून ठेवायचा. माझ्या उजव्या अंगठ्याखाली अजून दोन बारीक पांढरे ठिपके आहेत.

त्यात सांगलीचा मे महिना. फेरेटना उकाडा अजिबात सोसत नाही, पारा तिशीच्या वर गेला की उष्माघाताची भीती, आणि इथं चाळीस. बाटल्यांत पाणी गोठवून फडक्यात गुंडाळून पिंजऱ्यात ठेवायची. लाइट गेले की दोघांना घेऊन न्हाणीघरात फरशीवर बसायची. कडेवर दीड वर्षाची लेक. शेवटी ठरवलं, देऊन टाकू. आणि मी लिहिलं : 'खेळकर जोडी, माणसांची सवय.' चावतो हे लिहिलं नाही. लिहिलं तर कोण घेईल, एवढाच विचार.

कोल्हापूरचं एक कुटुंब घेऊन गेलं. नवव्या दिवशी तेच गृहस्थ दारात. एका हातात पिंजरा, दुसऱ्या हाताला सहा वर्षांचा मुलगा आणि मुलाच्या ओठाला टाका. भांडले नाहीत. "ताई, एवढं सांगितलं असतं तर पोराला जरा लांब ठेवलं असतं," एवढंच बोलले. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं. तो पोरगा जाताना परत एकदा जाळीला बोट लावून गेला.

नंतर मिरजेच्या डॉक्टरांनी बाळूचं तोंड उघडून बघितलं. वरचा सुळा मोडलेला, मुळाशी पू. किती दिवसांपासून कोण जाणे. आणि आम्ही घरात त्याला खुनशी म्हणत होतो.

ज्यांनी असं जनावर दिलंय, घेतलंय किंवा परत आणलंय, त्यांनी लिहा. मोठं लिहिलं तरी चालेल.

भडंगप्रेमी
वाचून पोटात कालवलं ताई. मिरजेचे डॉक्टर कोण ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आमच्या सशाचे दात वाढलेत, खात नाहीये दोन दिवस.

कृष्णाकाठ
@भडंगप्रेमी केला व्यनि. पण ससा दोन दिवस उपाशी म्हणजे फार झालं हो, आजच न्या. संध्याकाळची वाट बघू नका.

सातारकर_परदेशी
फेरेटचं नाव बघून थांबलो. मी मूळचा शाहूपुरीचा, सध्या इंग्लंडात यॉर्कशायरमध्ये. इकडे बिळातून ससे हुसकायला फेरेट पाळायची जुनी रीत, त्यामुळे सोडून दिलेलेही खूप, आणि त्यांना सांभाळणारे लोकही. अशाच एका बाईंकडून आम्ही आमची चिऊ आणली. ती तीन घरांतून परत आली होती. कारण प्रत्येक वेळी तेच, चावते.

त्या बाईंनी काही लपवलं नाही. चिऊला समोर ठेवलं आणि तिच्या मागे जोरात टाळी वाजवली. तिचा कानही हलला नाही. बहिरी! डोक्यावरून मानेपर्यंत पांढरा पट्टा असलेल्या बऱ्याच फेरेटना जन्मापासून ऐकू येत नाही. तीन घरांतल्या कुणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं. झोपलेली असताना वरून हात यायचा, ती दचकायची आणि चावायची. आपल्याला कुणी झोपेत असं उचललं तर आपण काय करू?

मग आम्ही उचलायच्या आधी पायानं फरशी ठोकायला लागलो. हादरा कळला की ती डोळे उघडायची. मग मूठ नाकासमोर धरायची, वास घेऊ द्यायचा, मग उचलायची, तेही खालून. पोटाखाली हात देऊन. दोन महिने लागले. पहिल्या पंधरा दिवसांत माझी दोन्ही मनगटं सोलून निघाली होती, ऑफिसात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालून जायचो.

एक शिकलो ते सांगतो. चावल्यावर हात मागे ओढायचा नाही. ओढला की जखम फाटते आणि त्याला वाटतं खेळ सुरू झाला. मारायचं तर मुळीच नाही. मानगुटीची सैल कातडी धरून, खालून आधार देऊन उचलायचं, आई पिल्लाला धरते तसं. अंग ढिलं सोडतात आणि चक्क जांभई देतात. मग पाच मिनिटं पिंजऱ्यात, न बोलता. आणि हो, आपल्याला फ्लू झाला की तो त्यांना लागतो. मला ताप आला की चिऊ बायकोकडे.

बायको वाईची. चिऊशी बोलायची मराठीतच. तिला ऐकू येत नाही म्हटलं तर म्हणायची, "असू दे, मला बोलायचंय."

माहुलीकाठ
"असू दे, मला बोलायचंय" 🙏 कुकर लावून परत येते.

बेदाणा
तासगाव तालुका. आमचं कुत्रं फेरेट नव्हं, साधं गावठी, पण चावायचं लय. द्राक्षबागेत शेडपाशी बांधल्यालं. वडील म्हणायचे राखणीचं कुत्रं चावलंच पायजे. सा वर्षं साखळीवर. औषध मारायला येणारी माणसं लांबनं फिरून जायची.

मागल्या वर्षी बाग काढली, शेड मोडलं, कुत्र्याचं काय करायचं? मामाच्या वस्तीवर दिलं, पलीकडं कवठेमहांकाळला. मी सगळं सांगितलं मामाला, बाबा ह्यो डावीकडनं गेलं की चावतो. उजवीकडनं नाही. का ते ठावं नव्हतं. मामानं पयल्या दिवशी गळ्यातला पट्टा काढला तर डाव्या अंगाला पट्टा मासात रुतल्याला. केसाखाली दिसतच नव्हतं. लहान असताना घातल्याला पट्टा, आमी कुणी सैल केलाच नाही. मामा फोनवर काय बोलला नाही, नुसता फोटो पाठवला.

आता मोकळं असतंय. म्हशीमागं रानात जातंय. चावत नाही असं न्हाई, पण त्यातली निम्मी गोष्ट आमचीच व्हती. हे पयल्यांदाच लिवतोय कुठं.

कृष्णाकाठ
@बेदाणा दादा, लिहिलंत ते फार बरं केलंत.

दवाखान्यातली_ताई
सातारा जिल्ह्यात आरोग्य केंद्रात काम करते. ड्यूटी संपवून एसटीत बसून लिहितेय, चुका समजून घ्या. कृष्णाकाठ ताई, त्या मुलाच्या ओठाला टाका घालायच्या आधी जखमेत रेबीजचं सीरम (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) दिलं होतं का? चाव्याच्या जखमेला लगेच टाका शक्यतो घालत नाहीत. चेहऱ्याला घालावाच लागला तर आधी जखमेत सीरम, मग सैल टाका.

आमच्याकडे रोज एक तरी माणूस हळद भरून येतो. सांगली-साताऱ्याकडे हळद म्हणजे सगळ्यावर औषध, मी समजू शकते. पण चाव्यावर हळद नको, चुना नको, मिरचीपूड तर नकोच नको. नळाखाली धरा आणि साबणानं पंधरा मिनिटं धुवा. घड्याळ लावून पंधरा. मग दवाखाना. रेबीजची लस दंडाच्या कातडीत दिली तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत दिली तर मधे १४ वा दिवसही. रक्त आलं असेल तर लसीसोबत सीरमही लागतं. तिसऱ्या इंजेक्शनानंतर लोक यायचेच बंद होतात, तसं करू नका.

आणि धाग्याच्या विषयाला धरून एक. कुत्रं किंवा मांजर चावलं तर ते दहा दिवस डोळ्यांसमोर ठेवायचं असतं. त्या दहा दिवसांत ते आजारी पडतं का, मरतं का, यावर पुढचं ठरतं. लोक नेमके चावल्याच्या दुसऱ्या दिवशीच ते कुणाला तरी देऊन टाकतात, नाहीतर लांब सोडून येतात. मग आम्ही विचारलं कुत्रं कुठंय, तर माहीत नाही. आता दहिवडी आलं, उतरते.

कृष्णाकाठ
@दवाखान्यातली_ताई हो, दिलं होतं, त्यांनी चिठ्ठ्या दाखवल्या. इंजेक्शनांचे पैसे मी देऊ केले, त्यांनी घेतले नाहीत. ते जास्त लागलं.

पोवईनाका
आमचा पोपट चावायचा. आजोबांनी बाजारातून आणलेला, त्या काळी कुणी विचारत नव्हतं. आजोबा गेल्यावर तो कुणालाच जवळ येऊ देईना, आजीचं तर कानशील फोडलं. कुणाला द्यावा म्हणून विचारत होतो तेव्हा एकानं सांगितलं, आपला हिरवा पोपट घरात ठेवणं हाच गुन्हा, १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली. म्हणजे दुसऱ्याला देणं पण नाही. वन विभागाकडे सोपवला. आजी अजून सकाळी डाळिंबाचे चार दाणे बाजूला काढते.

माहुलीकाठ
मुंगसावरून आठवलं, लहानपणी शेतावर मुंगूस दिसलं की आम्ही सगळी पोरं ओरडायचो, मुंगसा मुंगसा तोंड दाखव. तुमच्याकडे पण म्हणायचे का?

भडंगप्रेमी
हो!! आणि ते खरंच थांबून मागे बघायचं. (ससा दवाखान्यात आहे, दाढा घासतायत. थरथरतोय बिचारा. मी बाहेर बसलेय.)

पुलावरचा
२०१९ चा ऑगस्ट. सांगलीला महापूर, आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या पुढे. आम्ही काही पोरं होडीतून माणसं काढत होतो. एका दुमजली घराच्या गच्चीवर कुत्री, काळी, बारकी. घरची माणसं दोन दिवस आधीच निघालेली. मी हात पुढे केला आणि तिनं मनगट फोडलं. दुसऱ्यानं पोतं टाकून धरली. होडीत माझ्याच मांडीवर पोत्यात. सगळा रस्ता पोत्यातून थरथर जाणवत होती, माझं रक्त तिच्या अंगावर.

दहा दिवस बघायची होती म्हणून घरी ठेवली. चार दिवस पलंगाखालून बाहेर आली नाही. पाचव्या दिवशी आईनं भाकरी दुधात कुस्करून ठेवली आणि पाठ करून बसली, बघितलंच नाही तिच्याकडे. तेव्हा आली. पुढे पंधरा-वीस दिवसांनी मालक सापडले. त्यांचं घर चिखलानं भरलेलं, ते स्वतः नातेवाइकांकडे. म्हणाले, तुम्हीच ठेवा, आता आमचंच काही खरं नाही. बोलताना तिच्या डोक्यावरून हात फिरवत होते, ती त्यांचे पाय चाटत होती. त्यांनी सांगितलं, हिला पाण्याचा आवाज सहन होत नाही, पाऊस वाढला की चावते, लहान पोरं लांब ठेवा. इतक्या अडचणीतल्या माणसानं आठवणीनं सांगितलं ते.

अजून आमच्याकडेच आहे. पावसाळ्यात टिनाचा पत्रा वाजायला लागला की आईच्या खोलीत.

सातारकर_परदेशी
@कृष्णाकाठ ताई, बाळू-गुंडीचं पुढे काय झालं ते लिहिलंच नाहीत. आणि जोडी फोडली नाहीत ना?

कृष्णाकाठ
नाही फोडली. सुळा काढल्यावर महिनाभरात बाळूचं चावणं निम्म्यावर आलं. गेलं नाही पूर्ण. मी परत मजकूर लिहिला, या वेळी वहीचं एक पान भरून. कधी चावतो, कुणाला चावतो, उपाशी असला की जास्त, मागून धरलं की नक्की, मुलाच्या ओठाला टाका पडला तेही. तीन महिने एकही फोन नाही. मग पलूसहून एक निवृत्त सर आले, एकटेच राहणारे. पान दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "वर्गात असली बरीच होती." घरात कुलर, जाड दगडी भिंतींची खोली. तिथं दोघं तीन वर्षं जगले. गुंडी आधी गेली, बाळू दीड महिन्यानं. सरांनी फोन करून कळवलं. म्हणाले, शेवटच्या आठवड्यात पण एकदा चावला हो, बरं वाटलं.

माहुलीकाठ
😢

भडंगप्रेमी
ससा खायला लागला. कोथिंबिरीची अख्खी काडी. धन्यवाद ताई.

कृष्णाकाठ
आत्ताच मागच्या गल्लीतल्या वहिनींना फोन केला. आधी रागावल्या, तुम्ही कोण सांगणाऱ्या म्हणून. मी बाळूचं सगळं सांगितलं. गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "अहो, अनोळखी पुरुष फाटकातून आत आला तरच चावतो, बायकांना कधीच नाही. पण लिहिलं तर त्याला कुणी नेणार नाही आणि आमची तीस तारखेला निघायची तिकिटं आहेत." आता मजकूर बदललाय त्यांनी. सिलिंडरवाल्याचं पण लिहिलंय. लसी झालेल्या आहेत, वय चार, नर. इथं कुणी आहे का?

बेदाणा
मामाला इचारतो. जागा हाय, पोरं मोठी हायती. कुंपण कितीचं लागंल? मामाचं चार फुटी हाय.

पुलावरचा
पश्मीला चार फूट म्हणजे काहीच नाही दादा. सहा तरी करा, आणि खालून जाळी जमिनीत गाडा.

बेदाणा
बर. पोल किती लागत्याल बघून सांगतो सांच्याला.