मदत हवी आहे: रस्त्यावरचा कललेला गुलमोहर, तपासणी कुणाकडून करायची? (ठाणे)

वर्तकनगरला आमच्या गेटबाहेर फुटपाथवर जुना गुलमोहर आहे. गेल्या पावसाळ्यापासून तो रस्त्याकडे कललाय. बुंध्याला जमिनीलगत फळीसारखी तपकिरी, वरून चकचकीत अळंबी आलीय (गॅनोडर्मा, म्हणजे लाकूड कुजवणारी बुरशी असावी). हातोडी मारली की एका बाजूने पोकळ वाजतं. पेव्हर ब्लॉक थेट बुंध्याला भिडवलेत आणि मागच्या बाजूचे आता वर उचलले गेलेत. खाली रिक्षा स्टँड.

झाड सोसायटीच्या हद्दीत नाही. असतं तरी १९७५ च्या वृक्ष कायद्यामुळे परवानगीशिवाय तोडता आलं नसतं, त्यामुळे 'स्वतःच कापा' हा सल्ला नको. महापालिकेला फोटोंसह दोनदा लेखी अर्ज दिला, पोच आहे. माणसं आली, मागच्या बाजूच्या फांद्या छाटून गेली. म्हणजे तोल आणखीच पुढे! मुळांकडे कुणी बघितलंही नाही.

फांद्या कमी करून झाड वाचत असेल तर आनंदच आहे, पण ते जाणकाराने सांगावं. ठाण्यात कुणी खासगी वृक्षतज्ज्ञाकडून बुंध्याची ध्वनिलहरींनी तपासणी करून घेतलीय का? साधारण खर्च किती आला, आणि तो अहवाल अर्जाला जोडल्यावर वृक्ष अधिकाऱ्यांनी ग्राह्य धरला का?