विषय: ‘ओल्दू’, ‘मेला’ आणि दोन टिंबं

प्रेषक: कादिकॉयची नवी

सप्रेम नमस्कार मंडळी,

“तुर्की सोपी आहे गं, लिहिलंय तसंच वाचायचं,” असं फराळाच्या दिवशी तुमच्यापैकी निदान चौघांनी मला सांगितलं होतं. ते चौघं कोण, ते इथे लिहीत नाही.

परवा इस्तंबूलमधल्याच उस्कुदारहून दोलमुशनं, म्हणजे सामायिक मिनीबसनं, घरी कादिकॉयला येत होते. उतरायचं असलं की ‘इनेजेक वार’ म्हणायचं, हे वहीत लिहून ठेवलेलं. पण वहीत मी ते तुर्की अक्षरांत उतरवलं होतं, आणि ‘ज’साठीचं ‘सी’ दिसल्यावर इंग्रजी शाळेतली जीभ जागी झाली. ‘इनेसेक’ म्हणून ओरडले. गाडीत कोणी ढिम्म हललं नाही. दोन थांबे पुढे दुसऱ्या कुणाला तरी उतरायचं होतं, त्यांच्या मागोमाग उतरले आणि पिशव्या घेऊन चालत आले.

ते काहीच नाही. समोरच्या दारातल्या तेय्झेंच्या (म्हणजे मावशींच्या) यजमानांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. त्या आठवड्यात मी तुर्कीतला दोन टिंबांचा ‘ओ’ (ö) आणि दोन टिंबांचा ‘उ’ (ü) घोकत होते. जिन्यात तेय्झे भेटल्या. विचारायचं होतं, “आमजा आमेलियात ओल्दू मू?” म्हणजे काकांचं ऑपरेशन झालं का. नव्यानं कमावलेली टिंबं मी सढळ हातानं सगळीकडे पेरली. तेय्झे क्षणभर गप्प. मग त्यांनी स्वतःच्या कानाची पाळी ओढली, लाकडी दारावर टकटक केलं आणि “आल्लाह कोरुसुन”, देव रक्षण करो, म्हणाल्या. घरी येऊन शब्दकोश उघडला. बिनटिंबांचा ‘ओल्दू’ म्हणजे झालं. टिंबांचा म्हणजे मेला.

काका ठणठणीत आहेत. मीच जिन्यातून चोरपावलांनी ये-जा करते.

हे स्वर वेगळे काढायचे तरी कसे? आणि ते डोक्यावर टोपी घातलेलं ‘जी’ कुठे उच्चारायचं?

*

प्रेषक: उस्कुदारची काकू

अगं, तेय्झे का दचकल्या माहितीय? तुझं व्याकरण चोख होतं म्हणून! तुर्कीत टिंबं सहसा एकटी येत नाहीत. पहिल्या स्वराला टिंबं असली की पुढचे प्रत्ययही त्याच घरचे होतात, शेवटचा प्रश्नाचा ‘मू’सुद्धा. तू सगळीकडे पेरलीस, त्यामुळे वाक्य शुद्ध झालं. एखादं टिंब चुकलं असतं तर परदेशी बाई अडखळतेय एवढंच त्यांना वाटलं असतं.

तुर्कीत स्वर आठ. पाच आपल्या ओळखीचे, तीन नवे. आरशासमोर उभी राहा. ‘ई’ म्हण, ती लांबव, आणि जीभ जराही न हलवता ओठांचा चंबू कर. झाला दोन टिंबांचा ‘उ’. तसंच ‘ए’ म्हणता म्हणता चंबू केलास की दोन टिंबांचा ‘ओ’. आपली सवय अशी की ओठ गोल झाले की जीभही मागे पळते. त्या दोघांची ताटातूट करायची, एवढंच. पहिले चार दिवस गाल दुखतात.

तिसरा बिनटिंबाचा ‘आय’ (ı). तो उलट्या वाटेनं काढायचा. ‘ऊ’ म्हण, जीभ तिथेच ठेव, आणि फोटो काढताना फाकवतो तसे ओठ फाकव. आपल्यातले बरेच जण तिथे ‘इ’ म्हणून मोकळे होतात. एक सांगून ठेवते, हा स्वर नीट बसेपर्यंत तुर्कीत ‘मला कंटाळा आला’ असं चुकूनही म्हणू नकोस. बिनटिंबाच्या जागी टिंबवाला आला तर जे होतं ते या ईमेल-यादीवर लिहिण्यासारखं नाही. मी म्हणाले होते. कार्यक्रमात. माईकवर.

टोपीवाल्या ‘जी’ला इथे ‘युमुशाक गे’ म्हणतात, मऊ ग. त्याचा उच्चार शोधत बसू नकोस, तो बहुतेक वेळा मागचा स्वर लांबवतो आणि स्वतः गप्प बसतो. आपला अवग्रहच तो! ‘दाऽ’ म्हणजे डोंगर, ‘याऽमूर’ म्हणजे पाऊस, आणि तुमच्या वीकएंडचं ते ‘बेयोऽलू’. ‘ए’च्या शेजारी आला तर थोडा ‘य’ ऐकू येतो. ‘नाही’ला ‘देयिल’ म्हणतात तसा. शब्दाच्या सुरुवातीला तो कधीच येत नाही.

आणि पहिली गोष्ट म्हणजे उच्चारांसाठी देवनागरीत लिहायचं नाही. ‘ओल्दू’ लिहिलं की दोन्ही शब्द सारखेच दिसतात, आणि डोळ्याला जे एक ते जिभेलाही एक. जवळच्या ‘हाल्क एयितिम’ (लोकशिक्षण) केंद्रात नाव घाल. ते सरकारी आहे, शिकवतात चांगलं.

*

प्रेषक: अंकाराचा दादा

काकू, देवनागरीबद्दलचं तुमचं म्हणणं मला पटत नाही. वहिनी, तुम्ही वही ठेवा. स्वरांच्या बाबतीत काकूंचंच खरं, पण व्यंजनांत देवनागरी रोमनपेक्षा कधीही बरी. तुर्कीचा ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखे दातांवरचे आहेत. आपण मात्र आभार मानताना रोमन लिपी बघून ‘टेशेक्कूर’ म्हणतो. वहीत ‘तेशेक्कूर’ लिहा, प्रश्न मिटला.

आपला मराठी खड्डा वेगळाच आहे आणि तो हिंदीवाल्यांना नाही. तुर्कीत ‘सी’ म्हणजे ज, आणि शेपटीवाला ‘सी’ म्हणजे च. इथपर्यंत सगळे येतात. पण आपले ‘च’ दोन आणि ‘ज’ही दोन. पुढे आ, ओ, उ आला की आपली जीभ नकळत दातांकडे जाते. ‘मूल’ला इथे ‘चोजुक’ म्हणतात. त्यात आपण ‘चोर’मधला च आणि ‘जुना’मधला ज घालतो, आणि समोरचा “एफेंदिम?”, म्हणजे “काय म्हणालात?”, करतो. वहीच्या पहिल्या पानावर लिहा: च चिमणीचा, ज जिलबीचा, कायम. ‘जामी’, ‘जाद्दे’, ‘चोर्बा’, ‘चांता’, सगळीकडे तेच. मला हे कळायला दोन वर्षं लागली, तीही माझ्या मुलीनं बालवाडीतून येऊन माझी टिंगल केल्यावर.

‘मेरहाबा’ही तसंच. त्यात ‘वऱ्हाड’मधला ऱ्ह नाही. ‘मेर’ म्हणा, थांबा, ‘हाबा’ म्हणा.

शेवटच्या ‘र’नं घाबरू नका. ‘वार’ म्हणताना ड्रायव्हर ‘वार्श’ म्हणतोय असं वाटतं. तो र हवेत विरतो, त्यात थोडी शीळ येते. आपण साधा म्हटला तरी चालतो.

जोर मात्र सांभाळा. बहुतेक शब्दांत तो शेवटच्या अक्षरावर असतो, पण गावांच्या नावांत नाही. अंकारात तो ‘अं’वर, इस्तंबूलमध्ये ‘तं’वर. ‘गेल्मे’ हा शब्द ‘गेल’वर जोर देऊन म्हटला तर ‘येऊ नकोस’, ‘मे’वर दिला तर नुसतं ‘येणं’. मी एकदा घरमालकांना फोनवर येऊ नका म्हणून बसलो होतो.

बाकी ‘लिहिलंय तसंच वाचायचं’ हे खोटं नाही. ही 29 अक्षरांची लिपी 1 नोव्हेंबर 1928 ला कायद्यानं आली. आधीच्या अरबी लिपीत या आठ स्वरांची फार ओढाताण व्हायची. नव्या लिपीत टिंबं, शेपट्या आणि टोप्या लावून प्रत्येकाला आपापली जागा दिली. चूक एवढीच की इंग्रजीत लिहिलंय तसं वाचायचं नसतं.

आणि मूळ माल ओळखीचाच आहे. साबुन, दुक्क्यान, हावा, तारीह. लायटरला ‘चाक्माक’ म्हणतात, आपली चकमक ती हीच. इस्तंबूलचं तोपहाने म्हणजे सरळ तोफखाना. आपल्या मशालजीतला ‘जी’ इथे चहावाल्याला आणि मासेवाल्याला लागतो, फक्त आधीचे आवाज बघून रूप बदलतो. नात्यांत तर आपण इंग्रजांच्या पुढे आहोत. तेय्झे ही मावशी, हाला ही आत्या, आमजा काका, दायी मामा. एकाला दुसरं म्हणून चालत नाही.

*

प्रेषक: कादिकॉयची नवी

काकू, दादा, आभार. वही ठेवलीय, स्वरांची पानं फाडलीत. म्हणजे दोघांचंही ऐकलं.

काल डबाभर बेसनलाडू घेऊन तेय्झेंकडे गेले. काकांनी स्वतः दार उघडलं आणि डोळ्यावरची पट्टी दाखवत म्हणाले, “ओल्दू.” मग माझ्याकडून दहा वेळा म्हणवून घेतलं, एकदा टिंबांनी, एकदा बिनटिंबांनी. टिंबांचा बरोबर आला की तेय्झे दर वेळी कानाची पाळी ओढत होत्या. येताना दोलमुशमध्ये ज जिलबीचा लावला. गाडी थांबली, फक्त माझ्या थांब्याच्या जरा अलीकडे.

बिनटिंबाचा ‘आय’ काही केल्या जमत नाहीये. तो जमेपर्यंत मला अजिबात कंटाळा आलेला नाही, असं समजावं.